मुलाखतीपुरती अरबी

माझा नवरा सौदी नागरिक आहे. मुलगा आणि मुलगी, दोघंही सौदी नागरिक. सासू सौदी नागरिक म्हणूनच मेली आणि जेद्दाच्या मातीत गेली. त्या घरात इकाम्यावर राहणारी माणसं दोनच होती, एक मी आणि दुसरा आमचा ड्रायव्हर. ड्रायव्हर निदान दोन वर्षांतून एकदा हक्कानं सुट्टी मागून केरळला जायचा. पुढे मुलगी गाडी चालवायला लागली, ड्रायव्हरला कायमचं परत पाठवलं, आणि इकामेवाली मी एकटीच उरले.

इकामा म्हणजे परक्या माणसाला इथं राहू देणारं कार्ड. तुम्ही ज्याच्या जबाबदारीवर इथं राहता तो तुमचा कफील. माझा कफील माझा नवरा. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला याचं कौतुकच वाटलं होतं. बाईनं नवऱ्याचं नाव लावायचंच असतं, इथं ते सरकार लावून देतं, एवढंच मला वाटलं. मग गावी आई आजारी पडली, आणि बाहेर जाऊन परत येण्याचा परवाना कफीलानं काढून दिल्याशिवाय मला विमानात पाय ठेवता येत नाही हे कळलं. नवऱ्याला त्या दिवसांत दुकानातून सवड नव्हती. आज काढतो, उद्या काढतो. त्यानं परवाना काढला तेव्हा आईला पुरून झालं होतं. तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त घाई नव्हती.

पन्नाशीला आल्यावर मी नागरिकत्वाचा अर्ज केला. मला माझ्या स्वतःच्या नावाचं कार्ड हवं होतं, ज्यावर राहायला कुणाची परवानगी लागत नाही असं. त्यासाठी अरबीत मुलाखत द्यावी लागणार होती आणि मला अरबी येत नव्हती. एवढी वर्षं त्या देशात काढून येत नव्हती, हे ऐकलं की लोक मलाच हसतात. कशी येत नव्हती, ते आधी सांगते.

नवऱ्याचा आजोबा आमच्याच रत्नागिरीच्या किनाऱ्याचा. हजला आला तो परत गेलाच नाही, जेद्दात कापडाचं दुकान टाकून बसला. तेव्हा कागदपत्रांचा एवढा जाच नव्हता म्हणतात. पुढच्या पिढ्या बोलण्यात, कपड्यांत, अगदी कॉफी पिण्यातही इथल्या झाल्या. फक्त सुना तेवढ्या कोकणातून आणायच्या हा रिवाज त्यांनी सोडला नाही. त्याची कारणं मी वेगवेगळ्या तोंडून ऐकली. इथल्या मुलीला मेहर, म्हणजे लग्नात नवऱ्यानं द्यायची रक्कम, फार द्यावी लागते. इथल्या मुली उलटून बोलतात. कोकणातल्या मुली मान मोडून काम करतात. हे शेवटचं कारण पाहुण्यांना माझ्यासमोरच सांगायचे, कारण मला ते समजत नसे. त्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली.

जेद्दाचं स्थळ आलं तेव्हा आमच्या खाडीकाठच्या गावात माझ्या आईचा भाव वधारला. मी मराठी शाळेत दहावी केली होती आणि मशिदीच्या मदरशात कुराण पुरं केलं होतं. अरबी अक्षरं मला लहानपणापासून येतात. उच्चार इतके स्वच्छ की उस्तादजी मला पुढे बसवायचे. अर्थाशी आमचा कुणाचाच संबंध नव्हता. मुलगी अरबी वाचते, तिला तिकडे काय अडचण येणार, असं आई सगळ्यांना सांगत होती. दुरून डोंगर साजरे. आईला जेद्दा आणि मदरसा यांत फार फरक वाटत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही.

माझी सासू माझ्या आईची लांबची बहीण, म्हणून मी तिला खाला म्हणायची. तीही अशीच सोळाव्या वर्षी कोकणातून आणलेली. विमानतळावरून घरी आले त्या दिवशी तिनं माझा हात धरला तो थेट स्वयंपाकघरात नेऊन सोडला. तिथं स्टुलावर बसून तिनं मला विचारून विचारून दमवलं. खाडीच्या तोंडाशी अजून जाळी टाकतात का, मोहल्ल्यातली विहीर बुजवली का, अमकीच्या सुनेला मूल झालं का, सुकट आणलीस ती कुणाकडची. मी सांगत होते आणि ती तोंडाकडे बघत होती. अशी सासू मिळायला नशीब लागतं, असं मी आईला फोनवर सांगितलं. आईनं तेही गावभर केलं.

बाजूच्या इमारतीत परदेशी बायकांना अरबी शिकवणारी एक बाई होती. एक इजिप्शियन शेजारीण मला खुणांनी ‘चल’ म्हणाली. मी खालाला विचारलं. ती म्हणाली, “कशाला तुला ती अरबी? मी हाय ना. काय हवा ता मना सांग.” मला ते प्रेम वाटलं. आणि खरंच, तिनं कुठं काही कमी पडू दिलं नाही. भाजीवाल्याशी ती बोलायची, डॉक्टरशी ती बोलायची, बाळंतपणात कळा येत होत्या तेव्हा मला काय होतंय ते नर्सला तीच सांगत होती. पाहुण्या बायका आल्या की मी चहा, खजूर ठेवून तिच्या शेजारी बसायची. बायका हसल्या की हसायची. मग पाहुण्या गेल्यावर त्या काय बोलल्या ते ती मला आमच्या कोकणीत सांगायची, मीठमसाला लावून, आणि आम्ही दोघी दुसऱ्यांदा हसायचो.

मुलगा झाला तेव्हा मी त्याच्याशी आमच्याच बोलीत बोलू लागले. दुसरी कुठली आणणार होते? तो दीड-दोन वर्षांचा झाला आणि एक दिवस पाहुण्यांसमोर ‘मना पानी’ म्हणाला. खालानं हसून त्याला उचललं. संध्याकाळी मात्र मला बसवून सांगितलं, “पोरांच्या कानावर आपली बोली घालू नको. ती इथली हायत. उद्या शाळेत त्यांना कोण हिंदी म्हणून चिडवला तर मना चालायचा नाय.” इथं ‘हिंदी’ म्हणजे हिंदुस्थानातून आलेला. ज्या घरात सगळ्यांचे पूर्वज तिकडचे, त्या घरात ही शिवी होती.

म्हणजे खालाशी कोकणीच बोलायचं आणि मुलांशी कोकणी बोलायचंच नाही. अरबी शिकायची नाही आणि मुलांशी अरबीच बोलायचं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हे. मी काय करणार? चार शब्द उचलले. ये, जा, खा, झोप, आंघोळ, शाळा, यल्ला म्हणजे चल, खलास म्हणजे पुरे. तेवढ्यावर मी दोन मुलं वाढवली. बाकीचं खाला बघायची. रात्री मुलांना थोपटत ती अरबीत लांबलचक काहीतरी सांगायची, मुलं प्रश्न विचारायची, ती उत्तरं द्यायची. मी दारात दूध घेऊन उभी असायची. तिची अरबी ऐकायला फार गोड होती, असं सगळे म्हणत.

शेवटच्या वर्षात खालाला विसरायला होऊ लागलं, आणि सगळ्यात आधी ती अरबी विसरली. सख्खा मुलगा समोर बसून अरबीत विचारायचा आणि ही त्याला कोकणीत उत्तर द्यायची. त्याला निम्मं कळायचं. नातवंडांना तर काहीच नाही. ज्या आजीनं त्यांना वाढवलं, ती आजी त्यांना अचानक परकी झाली. मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे बघायची, आणि मी माझ्या चार शब्दांत सांगायची: पाणी, डोकं दुखतं, झोप. हॉस्पिटलात डॉक्टरलाही मीच सांगत होते. उभ्या आयुष्यात त्या घरात माझ्यावाचून कुणाचं अडलं असेल तर ते त्या दिवसांत.

तिथंच एका दुपारी, मी तिचे पाय चेपत असताना, ती अगदी शुद्धीवर असल्यासारखी म्हणाली, “तुला आणली ती याच्यासाठीच. मी बोलायची कुणाशी? माझ्या जिभेला बुरशी आली होती गो.” तिच्या आवाजात माफी वगैरे काही नव्हती. माठ घेतला तो चांगला निघाला, इतक्या समाधानानं ती ते बोलली. मी पाय चेपणं थांबवलं नाही. पण मला सगळं कळलं. तिला सून नको होती, मुलासाठी बायको तर नाहीच नाही. तिला बोलायला माणूस हवं होतं. आणि त्या माणसाला दुसरी भाषा आली असती तर ते दुसरीकडे बोलायला गेलं असतं. ती गेली तेव्हा मी खूप रडले, आणि तिचा मला इतका राग आला होता की ते रडणं कशाचं होतं हे आजही सांगता येत नाही.

खाला गेल्यावर घर गप्प झालं, असं म्हणायची पद्धत आहे. आमचं घर काही गप्प झालं नाही. जेवताना नवरा, मुलगा, मुलगी तिघं भरभर बोलायची, भांडायची, फोनवर काही दाखवून हसायची. मीच गप्प झाले. नवरा माझ्याशी मोडकी उर्दू बोलतो, तीही कामापुरती. मी वाढून घेऊन बसायची आणि सगळ्यांच्या ताटाकडे लक्ष ठेवायची.

मग नवऱ्याला हृदयाचा झटका आला. वाचला, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की फार भरवसा धरू नका. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मुलगा माझ्याजवळ आला. चांगला मुलगा आहे, नोकरी चांगली, वागणं चांगलं. मला समजावं म्हणून तो सावकाश, एकेक शब्द तोडून बोलला. “काळजी करू नकोस, यम्मा. बाबांना काही झालं तरी तुझा इकामा मी माझ्या नावावर घेईन. मोबाईलवरच होतं.” आणि त्यानं खिशातून फोन काढून ते कुठं दाबायचं असतं ते मला दाखवलं.

एवढी साधी गोष्ट. गाडी एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करतात, तशी मी बापाकडून लेकाकडे जाणार होते. ज्याला मी पोटात वाढवलं तो माझा कफील होणार. उद्या त्याची बायको येईल. मला गावी जायचं असेल तर मी त्याला विचारणार आणि त्याला सवड असली तर तो बटण दाबणार. त्यानं हे सगळं प्रेमानं सांगितलं, म्हणून तर मला जास्त झोंबलं. आपलेच दात आपलेच ओठ, कुणाला काय बोलणार?

नवरा घरी आल्यावर मी त्याला सांगितलं की माझा अर्ज कर. त्याला वाटलं मी चेष्टा करते. इतकी वर्षं त्याच्या नावावर राहून मला काय कमी पडलं, असं त्यानं विचारलं. मी आईचं नाव काढलं नाही. भारताचा पासपोर्ट परत द्यावा लागेल, असं त्यानं बजावलं. मी म्हटलं, देईन. मुलाखत अरबीत असते, म्हणाला. मी म्हटलं, देईन. तेव्हा तो हसला, आणि त्या हसण्यामुळेच मी पुढचं सगळं केलं असं मला वाटतं. नवऱ्यानं अर्ज भरला तो बहुधा माझी खोड मोडावी म्हणून.

शिकवायला मुलगी तयार झाली. ती विद्यापीठात शिकत होती, आणि तिला मी म्हणजे एक प्रकल्पच मिळाला. मुलाखतीत काय विचारतात ते तिनं मैत्रिणींकडून गोळा केलं. नाव काय, लग्न कधी झालं, मुलं किती, घर कुठं, सणाला काय करता, मुलांना काय शिकवलं, नागरिकत्व का हवं. प्रत्येकाचं छान उत्तर तिनं स्वतः रचलं आणि माझ्या फोनवर आवाज भरून पाठवलं. ‘का हवं’ याचं उत्तर तर इतकं गोड होतं की ऐकून मलाच माझ्याबद्दल आदर वाटला.

मी ते पाठ केलं. मला पाठ करायची एकच रीत येते, मदरशातली. मांडी घालून, पुढे-मागे झुलत, मोठ्यानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका दमात. भाकऱ्या थापताना म्हटलं, कपडे वाळत घालताना म्हटलं. उच्चार इतके स्वच्छ आले की मुलगी बघतच राहिली. तिनं वडिलांना बोलावून ऐकवलं. नवऱ्यानं मान डोलावली, आणि मला त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटलं.

घोटाळा काय झाला तो तिला एका दुपारी कळला. तिनं सहज मधलाच प्रश्न विचारला, घर कुठं आहे. मी गप्प. कारण घर कुठं आहे हे नाव आणि लग्न आणि मुलं यांच्यानंतर येतं. मनातल्या मनात पहिल्यापासून धावत धावत मी तिथं पोचेपर्यंत तिनं दुसरा प्रश्न विचारलेला असायचा. कुराण असंच येतं आम्हाला. मधलीच आयत, म्हणजे ओळ, कुणी विचारली तर त्या सुऱ्याच्या, म्हणजे अध्यायाच्या, सुरुवातीपासून म्हणत यावं लागतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मुलगी कपाळाला हात लावून बसली. तिला समजत नव्हतं की आईला मूर्ख म्हणावं की काय म्हणावं. मुलाखत जवळ आली होती. ती म्हणाली, बहुतेक क्रमानंच विचारतील.

क्रमानं नाही विचारलं. कचेरीत टेबलामागे वयस्क बाई होती, चष्मा नाकावर उतरलेला. तिनं माझ्याकडे न बघता पहिलाच प्रश्न विचारला, इथं पोचायला किती वेळ लागला. हा प्रश्न आमच्यात नव्हताच. मी घाबरले आणि पहिल्यापासून सुरू केलं. नाव, बापाचं नाव, लग्न, दोन मुलं. तिनं हात वर केला तरी मी थांबले नाही, थांबले असते तर सगळं गेलं असतं. मी सणापर्यंत पोचले. बाईनं चष्मा काढला. मग माझ्या डोक्यावरून ती मागे बसलेल्या माझ्या मुलीशी बोलली, आणि ते मात्र मला नीट समजलं. हिला बोलायला शिकवा आणि मग आणा. बोलक्या पोपटाला आपण पिंजरा देतो, कार्ड देत नाही, असंच तिला म्हणायचं असावं. म्हणाली मात्र सभ्यपणे.

घरी नवऱ्यानं विचारलं नाही, म्हणजे त्यानं ओळखलं. मुलानं रात्री मला जवळ घेऊन सांगितलं की कशाला त्रास करून घेतेस, मी आहे ना. मी आहे ना. खालाही हेच म्हणाली होती.

मी मुलीला सांगितलं, आता आवाज भरून देऊ नकोस. माझ्याशी बोल. रोज दुपारी असरच्या नमाजानंतर चहा घेऊन बसू आणि अरबीत बोलू. हे मी तिला कसंबसं, हातवारे करून सांगितलं, तिला ते पटलं.

पहिल्या दिवशी आम्ही बसलो. ती म्हणाली, बोल. मी म्हटलं, काय बोलू? ती म्हणाली, काहीही. मी म्हटलं, चहात साखर कमी आहे. ती म्हणाली, छान, पुढे. मी म्हटलं, वडिलांनी गोळी घेतली. ती म्हणाली, हो. मग तिनं फोन बघितला. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, कॉलेज कसं आहे. ती म्हणाली, चांगलं आहे. मी विचारलं, मैत्रिणी कशा आहेत. ती म्हणाली, चांगल्या आहेत. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी टीव्हीकडे तोंड करून बसलो. दोष भाषेचा नव्हता. ती काय खाते, कधी झोपते, कुठला डबा नेते, हे मला तोंडपाठ होतं. त्यापलीकडची ती मला माहीत नव्हती, आणि मी तिला त्याहून कमी माहीत होते.

तरी मी सोडलं नाही. मी जिद्दीची आहे, हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं कारण ते सांगायला शब्द लागतात. भाजीवाल्याकडे आता मी जायची. तो बांगलादेशी, त्याची अरबी माझ्याहून थोडीच बरी, पण तो न लाजता बोलायचा. मासळी बाजारात सुरमईवरून मी अरबीत भांडले. भांडणात भाषा फार लवकर येते. वर्षभरात मला घर, रस्ता, दवाखाना, बाजार, काल, आज, आवडतं, नाही आवडत, इतकं बोलता येऊ लागलं. मुलगी म्हणाली, आता जाऊ.

या वेळी टेबलामागे वेगळी बाई होती, माझ्या मुलीपेक्षा चार-दोन वर्षांनी मोठी असेल. उठून उभी राहिली, मला बसवलं, खजूर पुढे केला. मुलगी माझ्या मागच्या खुर्चीवर बसली. बाईनं विचारलं, घर कुठं. सांगितलं. काल काय शिजवलं. सांगितलं, मासे आणि भात, आणि मासे महाग झालेत हेही सांगितलं. ती हसली. मुलं किती, काय करतात. सांगितलं. अडखळत होते, पण ती वाट बघत होती.

मग तिनं खजुराची बी बशीत ठेवली आणि विचारलं, “मुलं लहान होती तेव्हा तुम्ही त्यांच्याशी काय बोलायचात?”

मला प्रश्न समजला. एकही शब्द सुटला नाही. मुलांना काय शिकवलं, याचं मुलीनं रचलेलं सुंदर उत्तर अजून माझ्या तोंडात होतं. दीन, म्हणजे धर्म शिकवला, मोठ्यांचा मान शिकवला, या मातीवर प्रेम करायला शिकवलं. ते ओठापर्यंत आलंही. पण त्याच क्षणी मला राग आला. खालाचा राग, हसणाऱ्या नवऱ्याचा, सावकाश शब्द तोडून बोलणाऱ्या मुलाचा. हे उत्तरही दुसऱ्यानंच करून दिलेलं. मी मनात म्हटलं, खरं तेच सांगते, नाही दिलं कार्ड तर नाही दिलं.

मी अरबीत सांगितलं, “यल्ला, खा. यल्ला, झोप. यल्ला, शाळा. खलास, गप्प.”

बाई खळखळून हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले. म्हणाली, माझी आईसुद्धा अगदी हेच बोलायची, सगळ्या आया सारख्याच. मग तिनं समोरच्या संगणकावर काही लिहिलं आणि माझा हात हातात घेऊन मुबारक म्हणाली.

कार्ड काही महिन्यांनी आलं. त्यावर कफील नाही. भारताचा पासपोर्ट मी परत केला, आणि आता आईच्या कबरीवर जायचं तर मला व्हिसा लागतो. नवऱ्यानं मिठाई आणली. मुलगा म्हणाला, आता तू आमच्यातली झालीस, आणि मला जवळ घेतलं. मी त्याला जन्म दिला होता, पण त्याला त्यात काही चुकीचं वाटलं नाही आणि मला ते सांगता आलं नाही.

पण मुलाखतीत ती बाई हसत होती तेव्हा माझी मुलगी हसत नव्हती. बाहेर आलो, पार्किंगमध्ये गाडीत बसलो, तरी तिनं गाडी सुरू केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसली. मग सावकाश, मला समजावं म्हणून, तिनं विचारलं, “यम्मा, तेव्हा तुला आम्हाला आणखी काही सांगायचं असायचं का?”

मी म्हटलं, “हो.”

“काय?”

मी तोंड उघडलं. घराचा पत्ता मला येत होता, माशांचा भाव येत होता, काल काय रांधलं तेही येत होतं. ती माझ्याकडे वळून बसली होती. मी दोनदा सुरुवात केली. तिनं बराच वेळ वाट बघितली, मग गाडी सुरू केली.